शरदाचे फोटो आणि पलायनाचा आरोप

मराठी समीक्षेतले काही शब्द अतिवापराने बोथट झाले आहेत, आणि तरीही प्रसंग आला की तेच शस्त्र म्हणून उपसले जातात. 'पलायनवाद' हा त्यांपैकी एक. फडके-खांडेकर वादाच्या काळात ह्या शब्दामागे निदान एक प्रश्न उभा होता. कला कशासाठी, हे त्या वादात ठरवायचे होते. आज तो शब्द प्रश्नावाचून वापरला जातो. पावसाळा सरल्यावर कोणी कॅमेरा (बहुधा फोनच) घेऊन माळावर गेले, गवतावरच्या दवाचे चार फोटो काढून मित्रांना पाठवले, की विभागातला एखादा जागृत सहकारी हमखास म्हणतो, 'देशात काय चालले आहे आणि ह्यांना फुले सुचतात!' २०२०च्या टाळेबंदीत गच्चीवरून ढग टिपणारे, जुनी भरतकामाची टोपली काढून बसणारे, कुंडीतल्या रोपाला रोज न्याहाळणारे असे सगळेच ह्या एका वाक्याने गारद झाले. त्या वर्षी सप्टेंबरात साथीच्या पहिल्या लाटेने देशात शिखर गाठले होते आणि नेमका तेव्हाच बाहेर शरद ऋतू सुरू होत होता, हे खरेच. परंतु दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असणे हा कोणाचा अपराध होऊ शकत नाही.

गंमत अशी की ह्या आरोपकर्त्यांच्या अगदी विरुद्ध बाजूला जे उभे आहेत, ते छंदांची भलामण करणारे लोकही मुळात हेच मानतात. अनिश्चिततेच्या काळात छंद जोपासा, मन रमवा, ताण विसरा, असा त्यांचा उपदेश असतो. म्हणजे छंद हे विस्मरणाचे साधन आहे, ह्यावर दोघांचे एकमत आहे. एकाला ते विस्मरण गुन्हा वाटते, तर दुसऱ्याला औषध. प्रस्तुत लेखात मला ह्या दोघांशीही भांडायचे आहे. शरदाचे फोटो काढणाऱ्याला जो दिलासा मिळतो तो नीट पाहण्यातून मिळतो, आणि नीट पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला काही विसरणे उलट अवघड होऊन बसते, असे माझे म्हणणे आहे.

आधी 'छंद' ह्या शब्दाविषयी थोडेसे. वृत्तालाही आपण छंद म्हणतो आणि आवडीलाही. संस्कृतातच ह्या शब्दाला इच्छा आणि वृत्त ह्या दोन्ही अर्थांच्या छटा आहेत. 'स्वच्छंद' आणि 'छंदोबद्ध' हे दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांतला ताण लक्षात येतो. एकात मन मानेल तसे वागणे आहे, दुसऱ्यात मात्रा मोजणे. मराठीने पुढे 'छंदीफंदी', 'छंदिष्ट' असे उपहासाचे शब्द घडवून पहिली बाजू बदनाम केली आणि दुसरी विसरून गेली. वास्तविक ज्याला खरोखर छंद आहे असा माणूस मात्रा मोजणाराच असतो. टाके मोजावे लागतात, उजेड मोजावा लागतो, फूल उमलण्याची वेळ माहीत असावी लागते. विरंगुळा ही वेगळी गोष्ट आहे. मी तिला तुच्छ मानत नाही, पण ती वेगळी आहे.

छंदावरचा सर्वांत तिखट हल्ला आमच्या विभागातल्या सहकाऱ्याने केलेला नाही, तो थिओडोर अडोर्नोने केला आहे. 'मोकळा वेळ' ह्या विषयावरील १९६९च्या त्याच्या व्याख्यानात तो सांगतो की मुलाखतीत 'तुमचे छंद कोणते' असे विचारले की त्याला धक्काच बसतो. संगीत, वाचन ह्या गोष्टी त्याच्या दृष्टीने इतक्या गंभीर की त्यांना छंद म्हणणे त्याला थट्टा वाटते. त्याचा मूळ मुद्दा असा, की मोकळा वेळ ही श्रमाचीच सावली असते. माणूस उद्या पुन्हा कामाला जुंपला जावा एवढ्यासाठीच त्याला आज छंद दिला जातो. ह्या मुद्द्यातले अर्धे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. (उरलेल्या अर्ध्याचे असे, की अडोर्नो विद्यापीठातला प्राध्यापक होता, आपले काम आणि आपला मोकळा वेळ ह्यांत तशी फारकत नाही हे आपले भाग्य, असे तो स्वतःच मान्य करतो. ज्याचे काम हेच त्याची आवड आहे, त्याने इतरांच्या छंदांना हसण्यात फारसे शौर्य नाही.)

अडोर्नोचे अर्धे सत्य पाहायचे असेल तर आपल्या महाविद्यालयांतील ताणतणाव व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत जाऊन बसावे. अशा एका कार्यशाळेला मी हजर होते. श्रोत्यांत निम्म्याहून अधिक तरुण अध्यापक तासिका तत्त्वावरचे. म्हणजे तासांप्रमाणे मानधन, तेही केव्हा मिळेल ह्याचा भरवसा नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे जूनपर्यंत कळणार नाही. व्याख्यात्यांनी पडद्यावर एक चित्र लावले होते: लालभडक मेपलच्या पानांनी झाकलेली वाट, आणि वर 'बदल स्वीकारा'. झाड कसे निर्धास्तपणे पाने सोडून देते पाहा, असे ते म्हणाले. सभागृहातल्या कोणीही त्या झाडाखाली कधी उभे राहिलेले नव्हते. मग त्यांनी छायाचित्रण, बागकाम, चित्रे रंगवणे अशी यादी दिली आणि आठवड्यातून दोन तास स्वतःसाठी काढायला सांगितले. शेवटी नॅकच्या फाइलसाठी सर्वांचा जिओटॅग केलेला फोटो निघाला. त्या दिवशीचे छायाचित्रण तेवढेच. माझ्या शेजारी बसलेला तरुण हळूच म्हणाला, 'मॅडम, मला पाने सोडायची नाहीयेत, ऑर्डर हवीय.' अनिश्चितता जिथे माणसांनी कागदावर सही करून निर्माण केलेली असते, तिथे तिला ऋतूचे रूप देणे ही लबाडी आहे. झाडाच्या पानगळीमागे कोणाचाही निर्णय नसतो, अध्यापकाच्या रिक्त पदामागे असतो.

म्हणून ह्या चित्रापासून दूर जाऊन ज्याने अमेरिकी शरद खरोखर पाहिला होता त्याच्याकडे जाणे बरे.

हेन्री डेव्हिड थोरोचा 'ऑटमनल टिंट्स' हा निबंध 'अटलांटिक मंथली'च्या ऑक्टोबर १८६२च्या अंकात छापून आला, तेव्हा लेखक हयात नव्हता. त्याच वर्षी ६ मे रोजी क्षयाने तो गेला होता आणि अखेरच्या महिन्यांत अंथरुणावरून त्याने ह्या निबंधाची छपाईची प्रत तयार केली होती. देशात यादवी युद्ध पेटलेले होते. आजारी माणूस, जळणारा देश, आणि विषय कोणता, तर मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाच्या आसपासची रंगलेली पाने! आमच्या सहकाऱ्याचे वाक्य इथे अगदी चपखल बसेल.

पण निबंध उघडून पाहावा. जांभळट गवत, तांबडा मेपल, एल्म, गळून पडलेली पाने, शुगर मेपल, स्कार्लेट ओक अशा क्रमाने तो जातो, आणि हा क्रम रंग चढण्याच्या कालक्रमाशी बांधलेला आहे. कोणते झाड कोणत्या आठवड्यात बदलते ह्याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. निबंधाच्या आरंभीच तो आपल्या एका जुन्या बेताविषयी सांगतो: प्रत्येक झाडाचे, झुडपाचे पान ऐन रंगात आले की मिळवायचे, त्याची बाह्यरेषा काढायची, नेमका तोच रंग त्यात भरायचा आणि असे एक पुस्तक करायचे. नुसती पाने उलटली की ऑक्टोबरच्या रानातून फिरून आल्यासारखे होईल, अशी त्याची कल्पना होती. हा बेत तडीस गेला नाही, हेही तो सांगतो. आज फोनमध्ये ऑक्टोबरची पाने साठवणारा प्रत्येक जण नकळत थोरोचे हेच अपुरे पुस्तक पुढे नेत असतो.

आता ह्याच माणसाचे १८५९ साल पाहा. त्या वर्षाच्या आरंभी त्याने शरदरंगांवर व्याख्याने दिली. १६ ऑक्टोबरला जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध उठाव घडवण्यासाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. तो पकडला गेला, वृत्तपत्रांनी त्याला वेडा ठरवले, गुलामगिरीच्या विरोधातले लोकसुद्धा हात झटकू लागले. आणि ३० ऑक्टोबरला थोरो कॉन्कर्डमध्ये ब्राउनच्या बाजूने उभा राहून बोलला. त्या पंधरवड्यातल्या त्याच्या रोजनिशीत ब्राउनवरचा संताप आणि निसर्गाच्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या आहेत. पुढच्या वर्षी ब्राउनच्या अखेरच्या दिवसांविषयी लिहिताना मात्र त्याने एक वेगळीच कबुली दिली: त्या दिवसांत मन ब्राउनने इतके व्यापले होते की निसर्गाचा नित्यक्रम अजून चालू आहे हे दिसले की नवल वाटे, नदीत एक छोटा पाणपक्षी नेहमीसारखा बुड्या मारतो आहे हेही विचित्र वाटे. ह्या कबुलीला मी फार मानते. निसर्गाचा दिलासा दर वेळी पोचतोच असे नाही. जो रोज पाहतो त्यालाच तो कोणत्या दिवशी पोचला नाही हे कळते आणि तसे लिहूनही ठेवता येते. कार्यशाळेतल्या यादीत ह्या अनुभवाला जागा नाही, कारण तिथे छंद हमखास गुणकारी असावा लागतो.

थोरोच्या 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' ह्या नावाने दुर्गा भागवतांनी केला, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. निदान नेट-सेटच्या तयारीत जोड्या लावण्यापुरती तरी. तिचा अर्थ मात्र क्वचित विचारात घेतला जातो. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यांच्या क्रमाने झाडे, पाने, आकाश टिपणारे 'ऋतुचक्र' हे दुर्गाबाईंचे पुस्तक. 'खमंग' हे स्वयंपाकावरचे पुस्तकही त्यांचेच. ज्याला आपण छंद म्हणून बाजूला सारतो ते त्यांनी कधी बाजूला सारले नाही. आणि १९७५च्या डिसेंबरात, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून त्याच उभ्या होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे केंद्रीय मंत्री. त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि आजारी जयप्रकाश नारायण ह्यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्या काळात 'जीवनासाठी कला' म्हणणारे किती जण मंचावर होते आणि किती जण आजारी पडले होते, ह्याची यादी करण्याची ही जागा नव्हे. असो.

ह्यावरून ऋतू न्याहाळणारा प्रत्येक जण निर्भय होतो, असे सूत्र कोणी काढू नये. योसेफ सुडेकचे उदाहरण ह्यासाठी उपयोगी आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा छायाचित्रकार. प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४०पासून, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९५४पर्यंत तो ते काढत राहिला. काचेवरचे दव, पावसाचे ओघळ, हिमाची नक्षी, पलीकडे अंगणातले एक वाकडे झाड. राजवट बदलली, पुन्हा बदलली, खिडकी तीच. सुडेकने भाषण केले नाही. त्याला दुर्गाबाईंच्या पंक्तीला बसवण्याची मला गरज वाटत नाही. तरीही काय पाहण्याजोगे आहे हे ज्या काळात वरून ठरवले जात होते, त्या काळात एका माणसाने ते चौदा वर्षे स्वतः ठरवले. ब्रेख्तने पुढच्या पिढ्यांसाठी लिहिलेल्या कवितेत झाडांविषयीच्या बोलण्याबद्दल जो प्रसिद्ध संशय आहे, तो घेऊनच मी सुडेकचे फोटो पाहते. संशय मिटत नाही. पण फोटोही खोटे ठरत नाहीत.

इथवर मी ज्यांची बाजू घेतली त्यांच्याशीही आता एक भांडण आहे. आपल्या शरदाचे फोटो काढणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपला शरद दिसतच नाही. इंग्रजी ऑटम म्हणजे शरद असे शब्दकोशातले समीकरण डोक्यात असल्यामुळे आश्विन लागला की ते पानगळ शोधू लागतात, आणि ती सापडली नाही की फोनमधले फिल्टर लावून हिरवे पान नारिंगी करतात. न्यू इंग्लंडमध्ये थंडी जवळ येताच पानातले हरितद्रव्य विघटित होते, झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात झाडे भरगच्च असतात. आपली पानगळ शिशिरातली, कोरड्या दिवसांत पाणी राखण्यासाठी होणारी. आणि ज्याला परदेशी पाहुणा 'फॉल कलर' समजून बसेल तो कोशिंबाचा तांबडा रंग तर वसंताच्या तोंडावर फुटलेल्या नव्या पालवीचा असतो. 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदावर आहे. तिथे मेपल नाही म्हणून कालिदास बिचकलेला दिसत नाही.

आपला शरद म्हणजे धुऊन निघालेली हवा. पावसाने धूळ खाली बसवलेली असते, म्हणून सह्याद्रीची दूरची रांगसुद्धा कड्यासकट दिसते. सकाळी दव, दुपारी ऑक्टोबरचा कडक ताव, एका दिवसात दोन ऋतू. छायाचित्रकाराला दुपारचा उजेड नको असतो तो त्यामुळेच. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे एकामागून एक येतात आणि जातात, टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिथे आता एवढी गर्दी होते की पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुले तुडवून फुलांचा फोटो काढणाऱ्यांना पलायनवादी म्हणायला माझी हरकत नाही. कोकणात भात पिकलेले असते. विदर्भात कापूस वेचणीला येत असतो. आणि वर्षे मोजण्यासाठी ह्याच ऋतूचे नाव वापरणारी एक जुनी प्रार्थना ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात आहे. तिच्यात शंभर शरद जगण्याच्या आधी शंभर शरद पाहण्याची मागणी केलेली आहे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

ह्यावर एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो आमच्या सहकाऱ्याच्या टोमण्याहून फार मोठा आहे. पाहायला सवड कोणाला आहे? दलित आणि ग्रामीण साहित्याने निसर्गवर्णनाच्या मराठी परंपरेला हा प्रश्न विचारला तेव्हा तो रास्तच होता. ज्या शेताचे सौंदर्य कवी बांधावरून पाहत होता त्या शेतात कोणीतरी वाकलेले होते. मात्र ह्या प्रश्नावरून पुढे असा निष्कर्ष काढला जातो, की वाकलेल्या माणसाला ऋतू दिसत नाही, त्याला दिसू नये, दिसला तरी त्याने बोलू नये. हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो वरवर कळवळ्याचा असला तरी आतून अपमानाचा आहे.

गेली काही वर्षे मी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना 'ऋतुचक्र' वाचल्यानंतर एक काम देते. एकच जागा निवडायची, आश्विन आणि कार्तिक असे दोन महिने ठरावीक दिवशी तिचा फोटो काढायचा, खाली तारीख आणि तीन ओळी. बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने झाड निवडले नाही. तिने आपल्या आळीतली पाच घरे निवडली. पहिल्या फोटोत दसऱ्याची झेंडूची तोरणे आहेत, उंबऱ्यात माणसे आहेत. नंतर एकेका फोटोत एकेका दाराला कुलूप येते आणि तोरण सुकत जाते. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत संसार भरून कारखान्यांकडे निघालेल्या. तिने तीन ओळींत लिहिले होते की झेंडू कोणत्या दिवशी काळा पडला. मी विचारले, हे करताना कसे वाटले? ती म्हणाली, 'बरं वाटलं मॅडम. दरवर्षी नुसतं रडू यायचं, ह्या वर्षी मोजलं.' दिलासा ह्या शब्दाचा अर्थ मला ह्याहून नेमका कोणी सांगितलेला नाही, आणि सांगणारीने अडोर्नो वाचलेला नव्हता.

मोजण्याचे महत्त्व पुढे वाढतच जाणार आहे. कॉन्कर्डमधल्या थोरोच्या नोंदी रिचर्ड प्रायमॅक ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या तेव्हा तिथली फुले आता आधी उमलू लागली आहेत हे दिसून आले. एका छंदिष्टाची रोजनिशी हवामानबदलाचा पुरावा ठरली. आपल्याकडेही ऋतू जागचा हलला आहे. २०२५च्या सप्टेंबरात, शरद सुरू होत असताना, मराठवाड्यात नद्यांनी शेते खरवडून नेली, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. ज्यांनी त्या दिवसांत आपापल्या बांधावरून चिखलाचे आणि कुजलेल्या शेंगांचे फोटो काढले त्यांनीही शरदाचेच फोटो काढले. ऋतूची नियमितता हा एके काळी दिलाशाचा आधार होता. तो आधार डळमळीत झाल्यावर फक्त सुंदर फोटो निवडून ठेवणारा मात्र खरोखरच पळतो आहे. त्याला आमच्या सहकाऱ्याने खुशाल गाठावे.

त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प अंतर्गत मूल्यमापनासाठी मी पुढे पाठवला तेव्हा तो 'साहित्यबाह्य' म्हणून शेरा मारून परत आला. संदर्भसाहित्य दाखवा, असेही त्यावर लिहिलेले होते. मी 'ऋतुचक्र' आणि 'वॉल्डनकाठी विचारविहार' ही दोन नावे लिहून, दारांच्या फोटोंखालच्या तारखांची यादी जोडून तो पुन्हा पाठवला आहे. शेरा मारणारे गृहस्थ पलायनवादावर सुरेख शिकवतात असे ऐकून आहे. त्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.